सुजलेल्या पापणीआडची बाहुली
डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या एकत्रित दुखापतीचा प्रकरण अभ्यास

रुग्ण 29 वर्षांचा, तब्येतीने उत्तम, आधीचा कोणताही आजार नाही, कोणतंही औषध चालू नाही. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उतारावर सायकलवरून पडला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, त्यामुळे रस्त्याला डोकं लागण्याआधीच ते निघून गेलं. चेहऱ्याची आणि कानशिलाची डावी बाजू पदपथाच्या काठावर आपटली. मागून येणाऱ्या मित्राच्या सांगण्यानुसार दीड-दोन मिनिटं शुद्ध नव्हती. मग उठून बसला, "काय झालं?" म्हणाला आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारू लागला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि आकडे मात्र मुद्दाम तसेच ठेवलेत, कारण या प्रकरणात सगळं काही त्यांच्यातच आहे.

सात चाळीसला त्याला अपघात विभागात आणलं. मानेला कॉलर होती, नाकातून रक्त, वरचा ओठ फाटलेला, डाव्या भुवईवर चार सेंटिमीटरची खोल जखम आणि डावा डोळा सुजून जवळजवळ मिटलेला. शर्ट रक्ताने भिजला होता. अशा चेहऱ्याकडे पाहिल्यावर नजर तिथून हलत नाही. माझीही हलली नाही, हे आधीच सांगतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने लहान जखमाही भळाभळा वाहतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं संकट इथेच आहे. जीव घेणारी गोष्ट तेव्हा आतल्या बाजूला असू शकते, आणि बाहेर तिचा रक्ताचा एक थेंबही दिसत नाही.

क्रम ठरलेला असतो, तो पाळला. आधी श्वासमार्ग. तो बोलत होता, म्हणजे मार्ग मोकळा होता, पण रक्त घशात उतरत होतं. उताणं झोपवलं की ते गिळलं जातं किंवा श्वासनलिकेत जातं. म्हणून रक्त ओढून काढणारं सक्शन हाताशी ठेवलं आणि मान सरळ धरून खाटेची डोक्याकडची बाजू उचलली. ऑक्सिजन 98 टक्के, नाडी 96, रक्तदाब 128/78. भुवईवर गॉज दाबून धरलं. रक्तातली साखर तपासली. शुद्ध कमी असलेल्या प्रत्येक रुग्णात ती तपासायचीच, कारण साखर कमी झाल्यानेही माणूस असाच गोंधळलेला दिसतो. ती नॉर्मल होती.

मग ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस), म्हणजे शुद्ध किती आहे याचं मोजमाप. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 साली ग्लासगोमध्ये मांडलेलं हे स्केल आज जगभर वापरलं जातं. डोळे उघडण्याला 4 पैकी, बोलण्याला 5 पैकी, हालचालीला 6 पैकी गुण. सर्वांत कमी 3, सर्वांत जास्त 15. याचे डोळे आपणहून उघडे होते (उजवा तरी), सांगितलेली प्रत्येक हालचाल तो करत होता, पण "सायकल कुठे आहे?" हे दर दोन मिनिटांनी विचारत होता आणि आज कोणता वार हे चुकीचं सांगत होता. डोळे 4, बोलणं 4, हालचाल 6. एकूण 14.

हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत असा माझा आग्रह असतो. नुसतं "जीसीएस 14" लिहिलं तर पुढच्या माणसाला काय बदललं ते कळत नाही. दुसरं म्हणजे, ही मोजणी शरीराच्या चांगल्या बाजूची असते. उजवा हात लुळा पडत चालला असला तरी डाव्या हाताने सांगितलेलं केलं की हालचालीला पूर्ण 6 गुण मिळतात. म्हणून दोन्ही हात-पायांची ताकद वेगळी लिहावी लागते. त्या वेळी ती चारही ठिकाणी सारखी होती.

सात पंचावन्न

तपासणीच्या कागदावर आमच्या निवासी डॉक्टरने लिहिलं होतं: "उजवी बाहुली 3 मि.मी., प्रकाशाला प्रतिसाद चांगला. डावा डोळा सुजलेला, तपासता आला नाही." असं वाक्य मी शेकडो कागदांवर वाचलं आहे, स्वतःही लिहिलं आहे. मी पुढे जायला निघालो होतो. तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, आत्ताच उघडून बघू या. तासाभराने ही पापणी हटणार नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. पापणीची सूज पहिले काही तास वाढतच जाते. पहिल्या काही मिनिटांत जे दिसू शकतं, ते नंतर झाकलं जातं.

सुजलेली पापणी उघडण्याची रीत आहे. बोट बुबुळावर कधीही दाबायचं नाही, कारण आत डोळा फुटलेला असेल तर त्या दाबाने आतला भाग बाहेर येऊ शकतो. वरची पापणी भुवईच्या हाडाकडे आणि खालची गालाच्या हाडाकडे सरकवायची. दाब पडला तर हाडावर पडावा, डोळ्यावर नाही. रक्ताने बोटं घसरतात, म्हणून कोरडं गॉज घ्यायचं. पापणी उघडणारं उपकरण मिळालं तर उत्तम. आणि बाहुली लांबुळकी दिसली, बुबुळाचा काळा भाग बाहेर डोकावताना दिसला किंवा डोळा खचल्यासारखा वाटला, तर तिथेच थांबायचं, डोळ्यावर कडक कवच ठेवायचं आणि नेत्रतज्ज्ञांना बोलवायचं.

इथे तसं काही नव्हतं. पांढऱ्या भागात रक्त साकळलेलं, पण बाहुली गोल, 3 मि.मी., टॉर्च टाकताच झटकन आकसणारी. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर टॉर्च फिरवून पाहिला, दोन्हीकडे प्रतिसाद सारखा. त्या डोळ्याने त्याला बोटं मोजता आली. डोळा पुढे आलेला नव्हता, घट्ट लागत नव्हता. डोळ्यामागे रक्त साठून दृष्टीची नस दबत असेल तर डोळा पुढे येतो, दगडासारखा लागतो आणि नजर झपाट्याने कमी होते. तिथे स्कॅनची वाट न पाहता पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करावा लागतो, नाहीतर दीड-दोन तासांत दृष्टी कायमची जाते.

कागदावर सिस्टरनी लिहिलं: "7:55. डावी बाहुली 3, गोल, प्रतिसाद चांगला." सगळं मिळून मिनिटभराचं काम.

चेहरा, वरून खाली

पुढची तपासणी हातांनी केली. हातमोजे घालून केसांतून बोटं फिरवली, कारण डोक्यावरची जखम केसांत लपते. डाव्या कानशिलावर मऊ सूज होती, दाबल्यावर दुखत होती. तिथे हाड खचलेलं लागलं नाही. पण सुजेखाली फट हाताला लागत नाही, एवढं तेव्हाही माहीत होतं.

डोळ्याच्या खोबणीची कड चाचपताना खालच्या बाजूला पायरी लागली. डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला आणि वरच्या ओठावर बधिरपणा होता. खोबणीच्या खालून बाहेर पडणारी नस तुटक्या हाडात दबली की नेमका एवढाच पट्टा बधिर होतो. डोक्याच्या मागे उभं राहून वरून पाहिलं तर डावं गालफड चपटं दिसत होतं. सूज आल्यावर हा चपटेपणा भरून निघतो आणि चेहरा उलट फुगलेला दिसतो. वर बघायला सांगितलं तेव्हा एकाच्या दोन गोष्टी दिसत होत्या. म्हणजे गालाचं हाड आणि खोबणीचा तळ मोडलेला असणार, हे स्कॅनशिवायच जवळजवळ नक्की झालं.

नाकाच्या आत टॉर्चने पडदा पाहिला. पडद्यावर जांभळट, मऊ, फुगलेली गाठ असेल तर ते साठलेलं रक्त लगेच काढावं लागतं, नाहीतर आतली कूर्चा सडून नाक बसतं. ती नव्हती. वरचा जबडा बोटांत धरून हळू हलवला, स्थिर होता. "दात नेहमीसारखे जुळतात का?" असं विचारलं. जबड्याच्या दुखापतीत एवढा कामाचा प्रश्न दुसरा नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरचा फरकही माणसाला स्वतःच्या चावण्यात जाणवतो. लाकडी जीभपट्टी दातांत धरायला लावून पिळली, ती मोडेपर्यंत त्याने धरून ठेवली. खालचा जबडा मोडलेला असता तर वेदनेने सोडून दिली असती. दात सगळे जागेवर होते. एखादा कमी असता आणि जागेवर सापडला नसता, तर छातीचा एक्स-रे काढून तो फुप्फुसात गेला नाही ना, हे पाहिलं असतं.

कानाच्या पडद्यामागे रक्त नव्हतं. कानामागचा काळानिळा डाग आणि दोन्ही डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं या कवटीचा तळ मोडल्याच्या खुणा आहेत, पण त्या उमटायला बहुधा काही तास ते एक-दोन दिवस लागतात. पहिल्या तासात त्या दिसल्या नाहीत म्हणून तळ शाबूत आहे असं धरता येत नाही. नाकातून रक्ताबरोबर पाणी येतंय का, हे गॉजवर पाहतात. रक्ताच्या डागाभोवती फिकट कडं दिसलं तर मेंदूजलाची (मेंदूभोवतीच्या पाण्याची) शंका घ्यायची. पण लाळ, अश्रू किंवा साध्या पाण्यानेही तसं कडं पडतं, म्हणून या चाचणीवर फार विसंबू नये. शंका असेपर्यंत एक गोष्ट मात्र ठाम: नाकातून कोणतीही नळी घालायची नाही.

आठ पंधरा ते नऊ

सीटी स्कॅन करायचा हे पहिल्या दहा मिनिटांतच ठरलं होतं. 2001 साली प्रसिद्ध झालेला कॅनेडियन सीटी हेड रूल आम्ही वापरतो. शुद्ध हरपली असेल, घडलेलं आठवत नसेल किंवा गोंधळ असेल, आणि जीसीएस 13 ते 15 असेल, तर त्यातलं कोणाला स्कॅन हवा हे तो सांगतो. दुखापतीनंतर दोन तासांनीही जीसीएस 15 न होणं, कवटी उघडी किंवा खचलेली असल्याची शंका, तळ मोडल्याची कोणतीही खूण, दोन किंवा जास्त उलट्या, वय 65 किंवा जास्त, यांतलं एकही असेल तर धोका मोठा. दुखापतीच्या आधीची अर्धा तास किंवा जास्त आठवण पुसली गेली असेल, किंवा अपघाताचा प्रकारच धोकादायक असेल, तर मध्यम. सोळा वर्षांखालच्यांना, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना आणि फिटचा झटका आलेल्यांना हा नियम लागू नाही. याच्या चेहऱ्याच्या हाडांसाठी स्कॅन तसाही लागणारच होता.

सव्वाआठला जीसीएस 15 झाला. तो वार बरोबर सांगू लागला, सायकलचा प्रश्न थांबला. नाडी 88. सलाइनमधून पॅरासिटामॉल दिलं होतं, दुखणं कमी झालं म्हणाला. त्याची मोठी बहीण आली. तिच्याशी तो नीट बोलला, "आईला आत्ता सांगू नको" म्हणाला.

साडेआठला त्याला स्कॅनला न्यायचं होतं. त्याच वेळी पोटाला मार लागलेला, रक्तदाब घसरत चाललेला दुसरा रुग्ण आला. मी त्याला आधी पाठवलं. तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. रक्तदाब पडत असलेल्या माणसापुढे जीसीएस 15 असलेल्या माणसाने थांबायचं असतं. चूक त्यानंतरच्या अर्ध्या तासात झाली, आणि ती थांबण्याच्या काळात आम्ही काय पाहिलं याबद्दलची आहे.

पावणेनऊला त्याला उलटी झाली, काळपट रक्ताची. आम्ही म्हणालो, नाकातलं रक्त गिळलंय, पोटाला सोसत नाही. नाडी 74 होती. आम्ही म्हणालो, औषधाने दुखणं उतरलं. बोलणं जरा जड वाटत होतं. आम्ही म्हणालो, ओठ सुजलाय. डाव्या डोळ्यापुढे या वेळी लिहिलं गेलं: "सूज." पापणी कोणी उघडली नाही. ज्या सिस्टरनी पहिल्यांदा आग्रह धरला होता, त्या तेव्हा पोटाच्या रुग्णाबरोबर स्कॅनला गेल्या होत्या.

चेहऱ्याच्या दुखापतीचा धोका तिच्या रक्तस्रावापेक्षा इथे जास्त असतो. मेंदूवर दाब वाढत असल्याच्या प्रत्येक खुणेला ती दुसरं, पटण्यासारखं, निरुपद्रवी कारण पुरवते. प्रत्येक कारण एकेकटं घेतलं तर खोटं नसतं. त्याने रक्त खरंच गिळलं होतं, ओठ खरंच सुजला होता. पण चार खुणा एकाच अर्ध्या तासात एकाच दिशेने सरकत असतील आणि आपण चौघींना चार वेगळी कारणं देत असू, तर आपण तपासत नसतो, स्वतःची समजूत काढत असतो. चारही खुणा एका कागदावर, एकाखाली एक होत्या. कोणी त्या सलग वाचल्या नाहीत.

नऊ वाजता त्याची बहीण माझ्याकडे आली. "डॉक्टर, मघाशी माझ्याशी छान बोलला. आता हाक मारली तर खेकसतो आणि लगेच डोळे मिटतो. दुखतंय म्हणून असा वागणारा नाही तो."

नातेवाईक घाबरलेले असतात म्हणून त्यांचं बोलणं अर्धवट ऐकण्याची सवय आपल्याला लागते. पण माणसाचं नेहमीचं वागणं काय, हे आम्हाला कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. त्याचा मापदंड फक्त घरच्यांकडे असतो. मी लगेच गेलो.

नऊ दोन. डोळे हाक मारल्यावर उघडतात: 3. बोलणं गोंधळलेलं: 4. सांगितलेलं करतो: 6. एकूण 13. दोन्ही हात समोर धरायला लावून डोळे मिटायला सांगितले तर उजवा हात हळूहळू खाली वाहत गेला. नाडी 60, रक्तदाब 154/84. सिस्टर परतल्या होत्या. दोन बाजूंनी गॉज धरून आम्ही डावी पापणी उघडली, मोठ्या कष्टाने. बाहुली 5 मि.मी., प्रतिसाद मंद. उजवी 3, चपळ.

डोळ्याचा मार की मेंदूवरचा दाब?

निवासी डॉक्टरने विचारलेला प्रश्न योग्यच होता: "सर, डोळ्यालाच मार लागलाय. त्यानेही बाहुली मोठी होते ना?"

होते. बाहुली आकसवणारा बारीक स्नायू मारामुळे फाटला किंवा सुन्न झाला तर ती मोठी राहते, प्रकाशाला दाद देत नाही. असा रुग्ण पूर्ण शुद्धीवर, गप्पा मारत बसलेला असतो. त्याच्या बाहुलीची कड बरेचदा वाकडीतिकडी असते. दृष्टीची नस दुखावली असेल तर वेगळं चित्र दिसतं: त्या डोळ्यात टॉर्च टाकला तर बाहुली नीट आकसत नाही, पण दुसऱ्या डोळ्यात टाकला की दोन्ही आकसतात. तिसरी शक्यता या सगळ्यांहून तातडीची. कवटीच्या आत एका बाजूला दाब वाढला की कानशिलाकडच्या मेंदूचा आतला काठ खाली सरकतो आणि मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेला चिरडतो. बाहुली आकसवणारे तंतू त्या नसेच्या बाहेरच्या थरात असतात, म्हणून सगळ्यात आधी तेच दबतात आणि बाहुली मोठी होते.

या तिन्हींतून निवड करायला आमच्याकडे सात पंचावन्नची एक ओळ होती. मार डोळ्याला लागला तो सात पाचला. त्या मारानेच बाहुली मोठी व्हायची असती तर पन्नास मिनिटांनी ती 3 मि.मी., गोल आणि चपळ नसती. म्हणजे नंतर काहीतरी बदललं होतं, आणि ते डोळ्यात बदललं नव्हतं. सोबत शुद्ध उतरत होती, विरुद्ध बाजूचा हात उतरत होता, नाडी मंदावत होती, रक्तदाब चढत होता. ती ओळ नसती तर आम्ही नेत्रतज्ज्ञांना बोलावून वाट पाहिली असती का? मला भीती वाटते, की काही मिनिटं तरी पाहिली असती.

न्यूरोसर्जनना स्कॅनच्या आधीच फोन केला. डोक्याची बाजू 30 अंश उचललेली ठेवली, मान सरळ केली आणि कॉलर सैल केली, कारण घट्ट कॉलरने मानेतल्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त परत फिरत नाही. मान हातांनी स्थिर धरली. मेंदूवरचा दाब उतरवणारं मॅनिटॉल सुरू केलं. सव्वानऊला जीसीएस 9: डोळे 2, बोलणं 2, हालचाल 5. आता श्वासमार्ग त्याच्या भरवशावर सोडण्यात अर्थ नव्हता. तोंडात रक्त, सुजलेला ओठ, मान हलवता येत नाही, म्हणजे नळी घालणं अवघड जाणार. म्हणून दोन सक्शन, कॅमेऱ्याने घसा दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि गळ्यावर छेद घेण्याचं सामान उघडून ठेवूनच सुरुवात केली. नऊ बावीसला नळी तोंडातून गेली. भूल देताना रक्तदाब पडणार नाही, ऑक्सिजन उतरणार नाही यावर सगळ्यांची नजर होती. दुखावलेल्या मेंदूला वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेलेला किंवा ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली गेलेला सोसत नाही, तो काळ थोडा असला तरी. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडचा पहिला एक ग्रॅमही याच वेळी दिला. 2019 च्या क्रॅश-3 चाचणीत हेच औषध तपासलं गेलं. त्याचा उपयोग दुखापतीपासून तीन तासांच्या आत, तोही जितका लवकर तितका. स्टेरॉइड दिलं नाही. 2004 च्या मोठ्या चाचणीत डोक्याच्या दुखापतीत त्याने मृत्यू वाढल्याचं दिसल्यापासून ते देऊ नये हे पक्कं आहे, तरी अजून कुठेकुठे सवयीने दिलेलं दिसतं.

नऊ तीसला स्कॅन. डाव्या कानशिलाच्या हाडात बारीक, सरळ फट. तिच्याखाली भिंगाच्या आकाराचा पांढरा गोळा, 24 मि.मी. जाड, अंदाजे 58 मि.ली. मेंदूची मधली रेषा 8 मि.मी. उजवीकडे ढकललेली. मानेचे मणके ठीक. गालाचं हाड आणि खोबणीचा तळ मोडलेला.

कवटी आणि मेंदूचं सर्वांत बाहेरचं आवरण यांच्यामधला हा रक्तस्राव, रुग्णालयातल्या बोलीत ईडीएच. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी खोबणीतून जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. आवरण कवटीच्या सांध्यांना घट्ट चिकटलेलं असल्याने रक्त पसरत नाही, फुगतं, म्हणून भिंगाचा आकार. सुरुवातीला कवटी थोडी सवलत देते: मेंदूजल खाली सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि दाब फारसा वाढत नाही. माणूस या काळात बरा दिसतो. ती सवलत संपली की पुढच्या प्रत्येक चमचाभर रक्ताने दाब झपाट्याने चढतो. आमच्या रुग्णाचा सव्वाआठचा जीसीएस 15 हा त्या सवलतीतला काळ होता. पुस्तकांत तो ठळक छापलेला असतो, पण प्रत्यक्षात निम्म्याहून कमी रुग्णांत तो स्वच्छ दिसतो. तो दिसला नाही म्हणून ईडीएच नाही असं नाही. आणि दिसला, तर तो सुधारणेसारखाच दिसतो.

30 मि.ली.पेक्षा मोठा ईडीएच जीसीएस कितीही असला तरी काढायचा असतो. दहा पाचला छेद घेतला. कवटी उघडताच गोठलेलं रक्त दाबाने वर आलं. धमनी बंद केली. ऑपरेशन संपता संपता डावी बाहुली पुन्हा 3 मि.मी. झाली होती.

नंतर

दुसऱ्या दिवशी नळी काढली, संध्याकाळपर्यंत जीसीएस 15. उजव्या हाताची ताकद चार दिवसांत परत आली. गालाच्या हाडाचं ऑपरेशन नवव्या दिवशी झालं, प्लेट बसवून. चेहऱ्याची हाडं बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवस थांबू शकतात, सूज उतरल्यावर काम उलट नीट होतं. याला अपवाद लहान मुलांचा. मुलांची हाडं लवचीक असतात. खोबणीचा तळ फटीसारखा उघडतो आणि मिटतो, त्यात डोळ्याचा स्नायू चिमटतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, सूज जवळजवळ नाही, पण मूल वर बघताना ओकतं, नाडी मंदावते. सगळे मेंदूचा मार समजून वाट पाहत बसतात आणि तो स्नायू मात्र मरत चाललेला असतो. आमच्या प्रकरणात मेंदूची खूण चेहऱ्याच्या नावावर जमा झाली, तिथे नेमकं उलट होतं.

आमच्या विभागाच्या बैठकीत हे प्रकरण मांडलं तेव्हा एका सहकाऱ्याने म्हटलं, शेवट चांगला झाला, मग चूक कुठे? मला ते पटलं नाही. पावणेनऊला पापणी उघडली असती तर कदाचित बाहुली 3 किंवा 4 सापडली असती, कदाचित काहीच कळलं नसतं. पण नाडी 96, 88, 74 आणि एक उलटी एवढं तर समोरच होतं. पावणेनऊ ते नऊ दोन ही सतरा मिनिटं आम्ही गमावली. त्याहून जास्त गेली नाहीत, ती त्याच्या बहिणीमुळे. ती कॅन्टीनमध्ये गेली असती तर?

जीसीएस 15 होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासायचं, 15 झाल्यावरही पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, मग चार तास दर तासाने, पुढे दर दोन तासांनी. हे वेळापत्रक आमच्या भिंतीवर होतं आणि आम्ही ते पाळलंही होतं. वेळ पाळली गेली, पण त्या वेळी काय बघायचं ते सुटलं. बाहुली दिसत नसेल तर काय करायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. पापणी अजिबात उघडत नसेल तर मिटल्या पापणीवर भरपूर जेल घालून, दाब न देता, सोनोग्राफीचा प्रोब ठेवता येतो. दुसऱ्या डोळ्यात टॉर्च टाकला की आतली बाहुली आकसताना पडद्यावर दिसते. डोळा फुटल्याची शंका असेल तर मात्र हे करायचं नाही. आता आम्ही सगळ्यांना हे शिकवतो.

घरी पाठवलेल्या रुग्णांच्या बाबतीतही या प्रकरणाने माझी एक सवय बदलली. पूर्वी मी सूचनांचा कागद रुग्णाच्या हातात देत असे. ज्याचा मेंदू दुखावलाय त्यालाच मेंदूवर लक्ष ठेवायला सांगत होतो. आता पहिले 24 तास सोबत राहणाऱ्या माणसाशी बोलतो आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतो: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा उलटी, जागं करायला जड जाणं, वागण्यात बदल, हातापायात कमजोरी, झटका, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव. यांतलं एकही दिसलं तर लगेच परत यायचं, सकाळची वाट पाहायची नाही. सोबत कोणी नसेल तर घरी पाठवत नाही. वयस्कर माणसं आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणारे यांच्या बाबतीत हात अजून आखडता, कारण त्यांच्यात किरकोळ वाटणाऱ्या पडण्यानंतर दिवसांनी, आठवड्यांनीही रक्त साठलेलं सापडतं.

सहा आठवड्यांनी तो दाखवायला आला. डाव्या वरच्या ओठाचा बधिरपणा अजून होता, दाढी करताना कळत नाही म्हणाला. वर बघताना दोन दिसणं थांबलं होतं. संध्याकाळी डोकं जड होतं, स्क्रीनसमोर तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, चार माणसं एकदम बोलली की गोंधळतो. अर्धा दिवस काम सुरू केलं होतं, तेच ठेवायला सांगितलं. वास नीट येतो का, हे त्याला अजून कोणी विचारलं नव्हतं. डोळे मिटायला लावून कॉफीची पूड आणि साबण नाकाखाली धरले. दोन्ही ओळखले. त्या संध्याकाळचं त्याला काहीच आठवत नव्हतं, बहिणीला "आईला सांगू नको" म्हणाल्याचंही नाही.

आमच्या तपासणीच्या कागदात आता बाहुलीच्या रकान्याशेजारी एक छोटा चौकोन छापला आहे: "पापणी उघडून पाहिली: किती वाजता, कोणी." तिथे "सूज" हा शब्द लिहिलेला चालत नाही. रकाना सिस्टरनी आखून दिला, शब्दही त्यांचेच.